कूस बदलण्याआधी तोंड: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया रात्रपाळीहून घरी आल्यावर वाचली. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या तोंडातली लाळ वेळेवर ओढून घ्या, या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबभोवतीचा फुगा फुगवलेला असताना लाळ खाली फुप्फुसात उतरेलच कशी, मी नातेवाइकांना उगाच घाबरवते, हा पहिला. एका सिस्टरकडे चार बेड असतात, त्यामुळे हे पुस्तकात ठीक, सोलापुरात नाही, हा दुसरा. तुम्ही स्वतः आयसीयूत ब्रदर आहात, म्हणून सविस्तर लिहिते.

फुग्याचं म्हणणं मला पटत नाही. तो बुचासारखा घट्ट बसत नाही. कमी दाबात श्वासनलिकेच्या भिंतीला टेकावा म्हणून तो तिच्यापेक्षा मोठा केलेला असतो, त्यामुळे आत फुगताना त्याला बारीक चुण्या पडतात. प्लास्टिकची पिशवी पेल्यात कोंबून वरून पाणी ओता, कडेच्या घड्यांतून ते झिरपतंच. दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका ठेवायचा. त्याखाली गेला की गळती वाढते, वर नेला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. म्हणजे फुगा आणखी फुगवणं हा उपाय नाही. माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ट्यूब असलेल्याला ती गिळता येत नाही, ती घशात, फुग्याच्या वर साठून राहते. त्यात आपल्याकडे मिश्री आणि मावा. हिरड्या आधीच खराब असतात, ते सगळे जंतू त्या लाळेत असतात.

फवारणीचं औषध पोटात गेलेला एक पेशंट मी विसरू शकत नाही. अशा पेशंटला लाळ किती सुटते, हे तुम्हाला सांगायला नको. कूस बदलायला मी खांदे धरले होते, वॉर्डातल्या मावशींनी पाय. तोंडात आधी मी पाहिलंच नाही. वळवल्याबरोबर घशात खळखळ झाली, जोराचा ठसका लागला आणि रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 97 वरून 86 टक्क्यांवर आलं. उशीवर लाळेचा ओघळ होता. तिसऱ्या दिवशी ताप चढला, एक्सरेत न्यूमोनियाचा पांढरा डाग दिसला. त्या एका वळवण्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, पण तोंड मी तपासलं नव्हतं, हे खरं आहे.

म्हणून माझा सगळा जोर ‘आधी’ या शब्दावर आहे. कूस बदलण्याआधी, स्पंजसाठी, म्हणजे अंग पुसायला, बेड सपाट करण्याआधी, फुग्यातली हवा सोडण्याआधी. स्पंजच्या वेळी तर हमखास विसरतं, कारण एरवी 30 ते 45 अंशांवर असलेलं डोकं तेव्हा एकदम खाली येतं. आधी गालाच्या आतून, मग घशाच्या मागून ओढायचं. तोंडात घातलेलं कॅथेटर, म्हणजे लाळ ओढायची बारीक नळी, पुन्हा ट्यूबमध्ये घालायचं नाही, हे वेगळं सांगत नाही. तैवानमधल्या परिचारिकांनी 2009 साली हेच तपासून छापलं होतं: कूस बदलण्याआधी तोंडातली लाळ काढली तेव्हा न्यूमोनिया कमी झाला.

वेळेचं म्हणाल तर दोन-दोन तासांनी वळवलं तरी दिवसाला 12 वेळा, आणि दर वेळी मिनिटभरही लागत नाही. तरीही चार बेडांचा तुमचा मुद्दा खरा आहे. दोन अलार्म एकदम वाजले की हे मिनिटसुद्धा हातात नसतं, आणि त्याचा दोष त्या सिस्टरच्या माथी मारणं अन्याय आहे. माझ्या लेखात तसा सूर आला होता, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. ‘न्यूमोनिया थांबतो’ हेही चूकच होतं. तिथे ‘धोका कमी होतो’ असं केलं आहे.

नातेवाइकांसाठी लिहिणं मात्र मी थांबवणार नाही. भेटीच्या वेळी मुलाने ‘सिस्टर, वडिलांच्या तोंडात खळखळतंय’ असं सांगितलं, तर ती तक्रार नसते, मला त्याची मदतच होते. आमच्याकडे एकटीने पेशंट वळवताच येत नाही, मावशी किंवा मामा लागतातच. आता चादरीला हात लावण्याआधी मावशीच विचारतात, “तोंड झालं का, सिस्टर?” आणि मी ‘हो’ म्हणेपर्यंत त्या चादर उचलत नाहीत.