गरज असल्यास, थोडक्यात

गेली दोन वर्षे आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या ख्रिस्ती वस्तीत, रविवारी सकाळी सातच्या मिस्साला (सामुदायिक उपासनेला) सूचना वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. हे काम मी मागून घेतलेले नाही. निवृत्त होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, चौतीस वर्षांनंतर प्रथमच मी कुठल्याही लोकलची वेळ न बघता चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, आणि तिथेच फादरांनी मला गाठले. "काका, आवाज खणखणीत आहे तुमचा. पाच मिनिटांचंच काम आहे." मी होकार दिला. घरी येऊन पत्नीला सांगितले, तेव्हा तिने माझ्याकडे करुणेने पाहिले. वेदीवरची फुले सजवण्याचे काम तिला 'या एका सणापुरते' म्हणून दिले होते, त्याला आता अकरा वर्षे झाली.

मिस्साविधीचे जे अधिकृत नियम आहेत, त्यांत सूचनांची जागा ठरलेली आहे. कम्युनियननंतरची (ख्रिस्तप्रसाद वाटून झाल्यानंतरची) प्रार्थना झाली, की शेवटच्या आशीर्वादाआधी, गरज असल्यास, थोडक्यात सूचना द्याव्यात. हा नियम रोममध्ये बसून ज्यांनी लिहिला, ते मोठे विद्वान असतील, पण वसईच्या एखाद्या धर्मग्रामात त्यांनी एकही रविवार काढलेला नसावा. आमच्याकडे गरज नेहमीच असते आणि थोडक्यात काहीच नसते. शिवाय ती वेळच अशी आहे, की भक्तांचे मन देवाकडून निघालेले असते, पण शरीर अजून बाकावर असते. कोणाला वाडीत पाणी सोडायचे असते, कोणाला मटणाच्या रांगेत उभे राहायचे असते. आशीर्वाद आणि मटण यांच्यामध्ये उभा असलेला एकमेव अडथळा म्हणजे मी.

विरार स्थानकावर "फलाट क्रमांक दोनऐवजी तीनवर येईल" एवढे अर्धे वाक्य कानी पडताच हजारो माणसे जिन्याकडे धावताना मी उभ्या आयुष्यात पाहिली आहेत. तीच माणसे रविवारी माझ्यासमोर बसलेली असतात. फरक एवढाच, की रेल्वेची सूचना चुकली तर लेटमार्क लागतो, आणि माझी चुकली तर सोमवारी मला फोन करून विचारता येते.

आमचा धर्मग्राम लहान, सव्वादोनशे घरांचा, पण त्याचा आठवडा रिकामा म्हणून नाही. मंगळवारी संत अंतोनची भक्ती. बुधवारी नोव्हेना, म्हणजे मारियामातेची प्रार्थना, ही मुंबईत माहीमच्या चर्चमध्ये १९४८ साली सुरू झाली आणि आमच्या वाडवडिलांनी दूध-भाजीच्या फेऱ्या मारता मारता ती पाहिली, म्हणून आमच्याकडेही बुधवारच. गुरुवारी आराधना, शुक्रवारी गायनमंडळाचा सराव, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जाणार. शनिवारी पापनिवेदन आणि त्याच वेळी चर्चची साफसफाई, त्यामुळे एकाच छपराखाली एकीकडे आत्मे आणि दुसरीकडे फरशी धुतली जाते. रविवारी मुलांचे धर्मशिक्षण. यांखेरीज व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, लिजन ऑफ मेरी, महिला मंडळ, युवक मंडळ आणि धर्मग्राम परिषद. यांतल्या प्रत्येकाला दर आठवड्याला काहीतरी सांगायचे असते, आणि ते सांगण्यासाठी देवाने त्यांना मी दिलेला आहे.

शनिवारी संध्याकाळपासून चिठ्ठ्या येऊ लागतात. औषधाच्या खोक्याची आतली बाजू, वीजबिलाचे पाकीट, केळ्यांच्या हिशोबाच्या वहीचे अर्धे पान, आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅप. गायनमंडळाची चिठ्ठी पानभर असते आणि तिच्यात एखादा तरी टोमणा ठेवलेला असतो. व्हिन्सेंट डी पॉलवाले उलट इतके मितभाषी, की त्यांच्या चिठ्ठीवर एकदा नुसते "नेहमीप्रमाणे" असे लिहिलेले होते. युवक मंडळाची चिठ्ठी सात वाजायला दोन मिनिटे असताना, घंटा सुरू झाल्यावर येते. मंडळ कुठलेही असो, शेवटचे वाक्य एकच: "तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे." सर्वच येणार असतील तर बहुसंख्येने कसे, आणि बहुसंख्येनेच येणार असतील तर सर्व कसे, ही शंका मी एकदा परिषदेच्या बैठकीत काढली. तेव्हापासून मला त्या बैठकीचे निमंत्रण जरा उशिरा मिळते.

लोक मन लावून ऐकतात ती एकच सूचना, विवाहाची. मुलगा अमक्याचा, मुलगी तमक्या धर्मग्रामातली, आणि या विवाहास कोणाला काही अडचण ठाऊक असल्यास त्याने धर्मग्रामगुरूंना कळवावे. हे ओळीने तीन रविवार वाचले जाते आणि तिन्ही वेळा चर्चमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येतो. लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या, ज्यांनी प्रवचनात डोळे मिटलेले असतात, त्या इथे मान वर करतात. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही. पण तिसऱ्या वेळी नाव वाचून झाल्यावर जो एकत्रित निःश्वास सुटतो, तो सुटकेचा की निराशेचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गाड्यांची सूचना मात्र मी आता देत नाही. एकदा फाटकासमोर कोणाची तरी स्कूटर आडवी होती आणि शवपेटीची गाडी आत यायची होती. "एमएच ४८ ने सुरू होणाऱ्या पांढऱ्या स्कूटरच्या मालकाने कृपया गाडी हलवावी," असे मी वाचले. आता वसईत एमएच ४८ ने सुरू न होणारी स्कूटर दाखवा. किल्ल्या खुळखुळवत तीसेक पुरुष उठले, गंभीर चेहऱ्याने बाहेर गेले, आणि त्यांपैकी एकही परत आला नाही. स्कूटर शेवटी चार मुलांनी उचलून बाजूला ठेवली.

पण माझ्या कारकिर्दीतला खरा डाग वेगळाच आहे. मिस्साचे हेतूही, म्हणजे त्या दिवशीची प्रार्थना कोणासाठी आहे तेही, मलाच वाचावे लागतात. वहीत डाव्या बाजूला उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार मानण्याचे, हेतू आणि उजव्या बाजूला मृतांच्या आत्म्यांसाठी, अशी मांडणी असते. त्या रविवारी पावसाने वीज गेली होती, चष्म्यावर वाफ धरली होती, आणि डाव्या बाजूचे शेवटचे नाव मी उजव्या बाजूचे पहिले म्हणून वाचले. ज्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाची उपकारस्तुती होती, त्यांच्या आत्म्याला मी चिरशांती मागितली. मंडळींनीही "प्रभो, आमची प्रार्थना ऐक" असे एकमुखाने म्हटले.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्याकडे आडनावे मोजकी आणि नावे त्याहून मोजकी. डाबरे, लोपीस, परेरा, तुस्कानो, डिमेलो यांच्या पुढे जोसेफ, जॉन किंवा पास्कोल लावत गेले, की साऱ्या धर्मग्रामाची जनगणना संपते. त्यामुळे माणूस ओळखला जातो तो घराच्या टोपणनावाने. हे गृहस्थ सगळ्यांना 'बावखलावरचे काका' म्हणून ठाऊक होते, कारण त्यांचे घर बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठाला आहे. त्यांचे कागदोपत्री नाव मी इथे देत नाही, आणि दिले तरी गावात कोणाला बोध होणार नाही. सांगायचा मुद्दा, की मी त्यांना मृतांत घातले हे चर्चमध्ये कोणाच्याच ध्यानात आले नाही. स्वतः काका तिसऱ्या बाकावर होते आणि इतरांबरोबर त्यांनीही स्वतःच्या आत्म्यासाठी प्रभूला साकडे घातले. कळले ते फक्त त्यांच्या सुनेला, कारण हेतूचे पैसे तिने भरले होते.

ती फादरांकडे गेली. फादर म्हणाले, "पुढच्या रविवारी दुरुस्ती वाचा, काका." मी आठवडाभर मसुदा केला. चौतीस वर्षे कार्यालयात पत्रे लिहिलेला माणूस मी, शुद्धिपत्रक कसे असावे हे मला शिकवायला नको. कागदोपत्री नावाने पुन्हा घोटाळा नको म्हणून मी कंसात टोपणनावही घातले आणि स्पष्ट आवाजात वाचले: "गेल्या रविवारी मृतांच्या हेतूंमध्ये अनवधानाने उल्लेख झालेले आपले बावखलावरचे काका हे हयात असल्याचे कळविण्यास आनंद होत आहे."

आधी शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळे चर्च टाळ्या वाजवू लागले. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. ज्या गोष्टीचा गेल्या रविवारी कोणाला पत्ता नव्हता, ती आता गिरीजपासून आगाशीपर्यंत पोचली. दुपारपर्यंत त्यांच्या ओट्यावर सात माणसे येऊन गेली. आगाशीहून आलेल्या त्यांच्या बहिणीने अर्धाच निरोप ऐकलेला होता आणि ती रिक्षातून उतरतानाच रडत होती. काकांनी मात्र मनाला लावून घेतले नाही. पुढच्या रविवारी पायरीवर माझा हात धरून ते एवढेच म्हणाले, "खरोखरचा गेलो म्हणजे नीट वाच रे बाबा. टाळ्या वाजतील नाहीतर."

हे सोडले, तर माझ्यावर येणाऱ्या तक्रारी ठरावीक असतात. बैठक कळली नाही, सहलीचे पैसे भरायचे राहिले, साफसफाईला आमच्या आळीची पाळी होती हे कोणी सांगितले नाही. या सर्वांना माझे एकच उत्तर असते, आणि ते मी तोंडावर कुठलाही भाव न आणता देतो: "सूचना दिली होती." सणानंतरच्या आभारांचे मात्र उत्तर माझ्याकडे नाही. देणगीदारांच्या यादीत चाळीस नावे नीट वाचली आणि एक राहिले, तर त्या घरचे तळलेले फुगे आणि मांसाचे इंदल पुढच्या नाताळला आपल्याकडे येत नाहीत. "ज्यांची नावे नजरचुकीने राहिली असतील त्यांचेही आभार" असे मी शेवटी जोडतो, पण त्या वाक्यात स्वतःला ओळखून समाधान पावलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

मोठ्याने बोलावणारी वस्तू फार काळ एका जागी टिकू नये, असा काहीतरी निसर्गनियम असावा. १७३९ साली वसईचा किल्ला पडला, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले. एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अजून टांगलेली आहे. आमचा माइक नेण्यास कोणी चिमाजी अप्पा येतो का, याची मी वाट पाहतो आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये मला ताप आला. दोन वर्षांत प्रथमच माझ्याऐवजी एका कॉलेजातल्या मुलीने सूचना वाचल्या. ताप उतरला होता म्हणून मी मिस्साला गेलो आणि खांबाच्या आडोशाला, मागच्या बाकावर बसलो. मुलीचा आवाज गोड होता, उच्चार स्वच्छ होते, आणि तिने सगळे दीड मिनिटात आटोपले. मला कौतुक वाटले. मी पावसाकडे पाहत होतो आणि दाराशी ओळीने ठेवलेल्या पंधरा-वीस काळ्या छत्र्यांतून माझी कोणती, हे इतरांच्या आधी कसे ओळखावे, याचा विचार करत होतो. घरी आल्यावर पत्नीने विचारले, "काय काय सांगितलं आज?" मी म्हणालो, "विशेष काही नाही."

शनिवारी दुपारी चार वाजता मी अंगणात नारळ सोलत असताना फोन आला. आमच्या आळीच्या प्रमुख बाई होत्या. मागून बादल्यांचा आणि खराट्यांचा आवाज येत होता. सगळे जमले आहेत आणि तुमच्याच घरचे कोणी कसे नाही, असे त्या विचारत होत्या. मी म्हटले, आज पाळी आहे हे आम्हाला कोणी कळवलेच नाही.

पलीकडे क्षणभर शांतता होती.

"सूचना दिली होती," त्या म्हणाल्या.