घुशीसाठी कॅमेरा

घुशीला वेळेचं भान माणसापेक्षा चांगलं असतं. दिवसभर आमच्या कोठारात तुरीची पोती शांत उभी असतात. रात्री लाइट गेली की पोत्यांमागे खुडबुड सुरू. टॉर्च लावला की घूस गायब, बंद केला की हजर. पिंजऱ्यात भजं लावलं, तर सकाळी भजं गेलेलं आणि पिंजरा जागच्या जागी. मांजर पाळलं, तर ते घुशीचा आकार पाहून शेजाऱ्यांकडे राहायला गेलं.

घरात छर्ऱ्याची बंदूक होती, तिच्यावर दुर्बीण होती. अंधारात दिसणारा डोळा तेवढा त्या दुर्बिणीला जोडायचा राहिला होता. 'तेवढा' हा शब्द फार महागात पडतो.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला. इथं बंदूक आणि रात्र हे दोन शब्द एका वाक्यात आले की अख्खा पार कान टवकारतो. "डुकरासाठी हाय का?" हा प्रश्न मला सरपंचापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही, हे मी प्रत्येकाला समजावलं. शिवाय माझी बंदूक 0.177 इंच नळीची, 20 ज्यूल ताकदीच्या आतली, म्हणून तर परवान्याशिवाय घरात आहे. तिचा छर्रा रानडुकराला लागलाच, तर त्याला वाटेल कोणी हाक मारली.

मग शोध सुरू झाला. उष्णतेवर चालणारी थर्मल दुर्बीण म्हणजे अर्थातच सगळ्यात उत्तम. तिची किंमत ऐकून मी हिशेब केला, तर बंदूक, दुर्बीण, कोठार आणि आतली तूर सगळं घुशीच्या नावावर करून दिलं असतं तरी स्वस्त पडलं असतं. उरला तो डिजिटल जोड. म्हणजे दुर्बिणीच्या मागच्या काचेला चिकटणारा छोटा कॅमेरा, त्यामागे छोटा पडदा आणि वर अदृश्य उजेड फेकणारी इन्फ्रारेड बॅटरी. माणसाचा डोळा आंधळा, कॅमेऱ्याला मात्र लख्ख दिसतं. मोबाइलच चिकटवला तर फुकटात काम होईल असं वाटलं होतं, पण मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात हाच उजेड अडवणारी काच कंपनीनंच बसवलेली असते.

नागपूरला दुकानात गेलो.

"भाऊ, 850 देऊ का 940?"

"फरक काय हाय बावा?"

"नव्वदचा."

हे ज्ञान घेऊन मी घरी आलो. खरा फरक इंजिनियरिंगला असलेल्या पुतण्यानं सांगितला. हे आकडे नॅनोमीटरचे. 850 चा उजेड लांब जातो, पण बॅटरीच्या तोंडाशी बारीक लाल ठिपका दिसतो. 940 चा ठिपका दिसत नाही, पण कॅमेऱ्यालाही तो उजेड कमीच पोचतो. "काका, उंदराच्या जातीले लाल रंग जवळपास दिसतच नाही. 850 च घ्या." एवढ्या फीमधून बाहेर आलेलं हे पहिलं उपयोगी वाक्य.

गावातल्या वायरमनचं मत वेगळंच. "कायले पैशे घालता काका? जुना सीसीटीव्हीचा कॅमेरा घ्या, गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा पडदा घ्या, 12 व्होल्टची बॅटरी लावा. झालं!" आणि खरंच झालं. फक्त 12 व्होल्टची बॅटरी घरात एकच होती, ती फवारणीच्या पंपात. ती काढायला गेलो तर वायर तुटेल म्हणून पंप तसाच पाठीवर घेतला. पाठीवर पंप, हातात बंदूक, बंदुकीच्या शेपटाला इन्सुलेशन टेपनं गुंडाळलेला कॅमेरा, अशा अवतारात मी कोठाराकडे निघालो तेव्हा बायको ओसरीत तूर निवडत होती.

"घुशीले मारता का फवारता?"

दुसऱ्या दिवशी तयार जोड मागवला.

तयार जोडाचं कडं 45 मिलिमीटरचं, माझ्या दुर्बिणीचं बूड त्याहून बारीक. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून मधे गुंडाळली, तेव्हा कुठं ते घट्ट बसलं. मग कळलं, आता डोळा दुर्बिणीला नाही, मागच्या पडद्याला लावायचा. म्हणजे डोकं वीतभर मागं, दस्ता तेवढाच आखूड आणि मान बगळ्यासारखी. त्यात स्प्रिंगची बंदूक. चाप ओढला की आतला दट्ट्या पुढे धावतो, म्हणून बंदूक आधी मागे येते, आणि दट्ट्या शेवटाला आपटला की पुढे हिसका देते. दोन्हीकडून मार खाल्ला की साधी दुर्बीण ढिली पडते. माझी दुर्बीण साधीच. आता दर चार छर्ऱ्यांनंतर बारका पाना शोधणं आलं, आणि बारका पाना आमच्या घरात कधीच जागेवर नसतो.

पहिली चाचणी झोपायच्या खोलीत, टीव्हीच्या रिमोटवर. रिमोट इन्फ्रारेडवरच चालतो. अंधारात बटण दाबलं की पडद्यावर त्याचं टोक लखलख चमकायचं. बरेच दिवस घरात वाद होता की बिघाड रिमोटात की टीव्हीत. तो त्या रात्री मिटला. दुसऱ्या दिवसापासून शेजारपाजारचे रिमोट तपासायला येऊ लागले.

कोठारात मात्र पडद्यावर पांढरं धुकं. बॅटरीचा उजेड जवळच्या पोत्यावर आपटून सगळा कॅमेऱ्यातच परत. पुतण्यानं फोनवर सांगितलं, उजेड छपराच्या टिनाकडे फिरवा. फिरवला आणि कोठार उजळलं. दुर्बिणीचं अंतर जुळवायचं पुढचं कडं दहा मीटरवर आणलं, तशी ती दिसली. पोत्याच्या कडेवर बसून पुढच्या दोन पायांनी शांतपणे तोंड पुसत होती, आधी उजवी मिशी, मग डावी. मी श्वास रोखून चाप ओढला. छर्रा पोत्याला लागला, भोकातून तूर झिरपायला लागली. घुशीला पोतं कुरतडायचेही कष्ट राहिले नाहीत.

मग जोड बंदुकीवरून काढून मी हरभऱ्याच्या जागलीला नेऊ लागलो, नुसतं पाहायला. गाय, रोही, मांजर यांचे डोळे उजेडात दिव्यासारखे पेटतात. डुकराचे पेटत नाहीत, कारण तो उजेड परत फेकणारा पडदाच त्याच्या डोळ्यात नसतो. त्यामुळे मी लांबून ओळखलेलं प्रत्येक चमकतं डुक्कर शेवटी कोणाचा तरी बैल निघालं.

सगळ्यात लख्ख दिसते ती बिडी. नुसत्या डोळ्यांना ठिणगीएवढी, पण पडद्यावर ओढणाऱ्याच्या नाकामिशांसकट हॅलोजन. एका रात्री शेजारच्या मचाणावरचे काका आले. "पाहू दे नं बावा मले बी." त्यांनी सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगाकडे कॅमेरा वळवला, बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता काठी घेऊन तिकडे चालू लागले. ढिगामागे त्यांचा लग्नाला आलेला मुलगा होता, ज्यानं गेल्या आखाडीला देवीसमोर बिडी सोडली होती.

दोन दिवसांनी तोच मुलगा माझ्याकडे आला.

"काका, थो डबा कितीले घेतला?"

मी आकडा सांगितला.

"पाचशे वर देतो. मी आन् माह्ये दोस्त मिळून घेतो. फक्त गावात ठेवाचा नाही."