डी ड्राइव्हवरचे पूर्वसूरी

शेतातल्या पंपाला मोबाईल स्टार्टर असतो. शेतकऱ्याने घरी गोधडीतून मिस्ड कॉल द्यायचा, की तिकडे विहिरीवरची मोटर सुरू. ज्या गावात थ्री फेज रात्री दोनला येते तिथे याची किंमत विचारा. त्या स्टार्टरच्या आतलं सॉफ्टवेअर आम्ही पुण्यात एसीत बसून लिहितो. मध्यंतरी तक्रार आली, की लाईट आल्या आल्या मोटर चालू होते, पाचऐवजी वीस सेकंद थांबायला हवी. साहेब म्हणाले, "एक आकडा तर बदलायचाय. चहा यायच्या आत होईल."

5 चे 20 केले. चहा यायचा होता. मग मेक, म्हणजे कोडच्या फाईलींतून चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर बांधून देणारं टूल, चालवलं.

मेकने कळवलं, की डी ड्राइव्ह सापडत नाही.

माझ्या नव्या लॅपटॉपला डी ड्राइव्हच नाही. मेकला काय कुठे आहे ते सांगणारी मेकफाईल उघडली तर तिसऱ्याच ओळीत ठणठणीत पत्ता: डी:\भाऊ\कामं\स्टार्टर_फायनल\हेच_वापरा. भाऊ म्हणजे आमचे पूर्वसूरी. नोकरी सोडून त्यांना तीन वर्षं झाली, त्यांचा लॅपटॉप फॉरमॅट होऊन एचआरच्या मुलीकडे गेला, पण हा पत्ता रेशनकार्डावरच्या नावासारखा तसाच.

सरळ माणसाने ती ओळ बदलली असती. मी विंडोजची सब्स्ट ही कमांड शोधून काढली. तिने कुठल्याही फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देता येतं. मी खोटा डी ड्राइव्ह उभा केला, त्यात 'भाऊ' नावाचं फोल्डर केलं आणि आत 'हेच_वापरा'सुद्धा. घरजावई व्हायचं तर नीट व्हावं.

पुढच्या ओळीत कंपायलरचा, म्हणजे कोडचं चिपच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचा, पत्ता होता. तो 2015 चा, जीसीसी 4.9, मी तोच जुना शोधून बसवला. पण पत्त्यात लिहिलं होतं 'प्रोग्रा~2'. मला वाटलं, भाऊंची टायपिंगची चूक. मी मोठ्या मनाने ती सुधारून 'प्रोग्राम फाईल्स' असं पूर्ण, कंसासकट लिहिलं. लगेच एरर: 'सी:\प्रोग्राम' सापडत नाही. मधली मोकळी जागा दिसली की मेकच्या लेखी तिथे शब्द संपला! प्रोग्रा~2 हे त्याच फोल्डरचं डॉसच्या आठ अक्षरी जमान्यातलं नाव निघालं. चूक नव्हती, तोडगा होता. पूर्ववत केलं, तर माझ्या एडिटरने टॅबच्या जागी चार स्पेस घातल्या होत्या आणि मेकला ओळीच्या सुरुवातीला टॅबच लागतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. टॅबची ही खोड त्यांच्या लवकरच लक्षात आली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांना कशाला त्रास, म्हणून राहू दिली. त्या बाराजणांच्या सोयीसाठी पन्नास वर्षांनी माझा चहा गार झाला.

संध्याकाळी बिल्ड झालं. सकाळी लॅपटॉप रिस्टार्ट केला आणि डी ड्राइव्ह गायब. सब्स्टने दिलेलं अक्षर तेवढ्यापुरतंच असतं. आता मात्र मला स्वाभिमान आठवला. भाऊंचा पत्ता खोडून माझा लिहिला. कंपाइल झालं आणि शेवटी सगळे तुकडे जोडणारा लिंकर म्हणाला: फ्लॅश, म्हणजे चिपमधली कोडची जागा, 212 बाइट्सनी ओव्हरफ्लो.

एक आकडा बदलून 212 बाइट्स? आमच्या चिपमध्ये 64 केबी जागा, ती आधीच पहाटेच्या लोकलसारखी भरलेली, हे मान्य. पण 5 काय आणि 20 काय, जागा तेवढीच लागते. दोन दिवस मी कोड चाळला. शेवटी लाज सोडून भाऊंना फोन लावला. हल्ली ते जर्मनीत असतात.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "अरे, तुझ्या फोल्डरचं नाव किती लांब आहे?"

"म्हणजे?"

"मोज."

मोजलं. माझा पत्ता त्यांच्या पत्त्यापेक्षा चार अक्षरांनी लांब. आमच्या प्रत्येक फाईलमध्ये असर्ट, म्हणजे सगळं ठीक आहे ना ते तपासणाऱ्या ओळी, आहेत. काही बिनसलं तर कुठल्या फाईलमध्ये बिनसलं ते सांगायला असर्ट फाईलचं नाव चिपमध्ये जपून ठेवतो. आणि मेकने कंपायलरला पूर्ण पत्ता दिला, की नाव म्हणजे पूर्ण पत्ता, अगदी डी कोलनपासून. फाईली 53. त्रेपन्न चोक दोनशे बारा.

"मग तुम्ही काय केलं होतंत?"

"मी फोल्डरचं नाव लहान ठेवलं होतं. आधी 'भाऊसाहेब' होतं."

जीसीसी 8 पासून असे पत्ते छाटायचा पर्याय आहे, पण आमचा 4.9. म्हणून मेकफाईलमधून सोर्सचा पूर्ण पत्ता काढला आणि 'इथूनच पुढे' असा सापेक्ष ठेवला. कंपायलरच्या ओळीत बरोबरच्या चिन्हाआधी प्रश्नचिन्ह घातलं, म्हणजे ज्याच्या मशीनवर वेगळा पत्ता असेल त्याने तो बाहेरून द्यावा. दोन केबीच्या वर जागा सुटली. आमच्या धंद्यात हा गुंठाभर प्लॉट.

मग सहज, आजवर विकलेल्या स्टार्टरमधली बायनरी, म्हणजे चिपमध्ये भरलेली तयार फाईल, घेतली आणि स्ट्रिंग्ज ही कमांड चालवून तिच्यात वाचता येण्याजोगं काय काय आहे ते पाहिलं. स्क्रीनभर ओळीखाली ओळ: डी:\भाऊ\कामं, डी:\भाऊ\कामं, हेच_वापरा, हेच_वापरा. लगेच भाऊंना कळवलं, की गावोगावच्या पंपांमध्ये प्रत्येकी त्रेपन्न वेळा तुमचं नाव आहे.

पलीकडे जरा शांतता झाली.

"बघ," भाऊ म्हणाले, "चुलत्यांनी सातबाऱ्यावर लागू दिलं नाही. विहिरीवर लागलं."