साडेचार इंच

अक्का घरी शिवणकाम करते. ज्या टेपनं गल्लीतल्या बायकांच्या ब्लाउजची मापं घेते, त्याच टेपनं गेल्या वर्षी तिनं दाजींच्या डाव्या पायाचं माप घेतलं. गुडघ्याखाली उरलेला पाय साडेचार इंच भरला.

वकिलांनी फोनवर विचारलं होतं, "गुडघ्याखाली किती शिल्लक आहे?" आम्हाला वाटलं, सहज चौकशी करतायत. नंतर कळलं, पैशाचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

दाजी ग्रॅनाइट कापायच्या छोट्या वर्कशॉपमध्ये होते. सगळी मिळून सहा माणसं. 2024 च्या पावसाळ्यात टेम्पोतून लाद्या उतरवताना दोर सुटला आणि उभ्या लावलेल्या लाद्या पायावर आल्या. डॉक्टरांनी आठ दिवस पाय वाचवायची खटपट केली, शेवटी पोटरीतून कापला. दाजींचं वय तेव्हा 40.

कामगार नुकसान भरपाईचा कायदा 1923 चा. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण आमचा अपघात आधीचा, म्हणून केस जुन्या कायद्यात. त्याला एक परिशिष्ट जोडलंय, शरीराचा कुठला भाग गेला की किती टक्के, असं. पाय खुब्यातून गेला तर 90. मांडीच्या मध्याखालून ते गुडघ्याखाली 8.89 सेंटिमीटरपर्यंत कापला तर 60. त्याच्याही खाली कापला तर 50. हे 8.89 कुठून आलं म्हणून मी बराच वेळ डोकं खाजवत बसलो. ते साडेतीन इंच आहेत. कुणीतरी इंचांचे सेंटिमीटर करून ठेवलेत, एवढंच.

आता हिशेब बघा. पगाराचे 60 टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यातला वयाचा आकडा, 40 व्या वर्षाला तो 184.17. दाजींना हातात 19,000 मिळायचे, पण कायदा 15,000 च्या वर धरत नाही. ही मर्यादा जानेवारी 2020 ची आहे. म्हणजे 9,000 गुणिले 184.17, झाले 16,57,530 रुपये. हे माणूस पूर्ण निकामी झाला तर. दाजींचा पाय पन्नास टक्क्यांत बसतो, म्हणून 8,28,765. उरलेला पाय एका इंचानं आखूड असता तर साठ टक्के, म्हणजे 1,65,753 रुपये जादा.

हे सांगितल्यावर दाजी म्हणाले, "डॉक्टरला सांगायला पाहिजे होतं, अजून थोडा काढा म्हणून." अक्का उठून आत गेली.

माझं भांडण या टक्क्यांशी आहे. गुडघा वाचला तर नकली पाय नीट बसतो, चालणं सोपं होतं, त्यामुळं आखूड पायाला जास्त पैसे हे समजू शकतं. पण पन्नास टक्के म्हणजे कशाचे पन्नास? हाच पाय बँकेतल्या क्लार्कचा गेला असता तर तो सहा महिन्यांनी त्याच खुर्चीत बसला असता. दाजींचं काम म्हणजे लादी धरून उभं राहायचं. आठ बाय तीन फुटांची 18 मिलिमीटर जाडीची लादी शंभर किलोच्या वर भरते. ती निम्म्या पायावर निम्मी उचलता येते का?

आणि हे मी काही नवीन सांगत नाही. 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सुताराच्या केसमध्ये हेच धरलं होतं. डावा हात कोपराच्या वरून गेला, सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणून कमाईची शंभर टक्के हानी. आमचे वकील त्याच निकालावर भांडतायत. समोरचे परिशिष्टाला धरून बसलेत.

वर्कशॉपमध्ये दहा माणसं असती तर गोष्ट वेगळी होती. मग ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू झालं असतं, दवाखाना त्यांचा आणि दरमहा जन्मभर पैसे. सहाच माणसं, म्हणून कोर्ट.

मालक वाईट माणूस नाही, हे मुद्दाम लिहितोय. दवाखान्याचं बिल त्यांनीच भरलं. पण तिसऱ्या महिन्यात स्टॅम्प पेपर घेऊन घरी आले. दोन लाख घ्या आणि यापुढं काही मागणं नाही असं लिहून द्या. घरातले निम्मे लोक सही करा म्हणत होते. "कोर्टात चपला झिजवाल," असं काका म्हणाले. दाजी म्हणाले, "माझी एकच झिजेल."

असा हक्क सोडायचा कागद कायद्यानं रद्दच ठरतो, आणि उपचाराचा खर्च भरपाईपेक्षा वेगळा द्यायचा असतो. हे तेव्हा आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. अपघातापासून महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, आणि नुसतं टाळत बसले तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो.

सगळ्यात जास्त छळलं ते दवाखान्याच्या पहिल्या केसपेपरनं. सोबत गेलेल्या मुकादमानं सांगितलं तसं त्यावर लिहिलं गेलं: "घरी घसरून पडले." दाजी शुद्धीवर नव्हते, अक्का वाटेत होती. ती एक ओळ खोडून काढायला टेम्पोवाल्याची साक्ष, मोबाईलवर आलेल्या पगाराच्या नोंदी, हजेरीच्या वहीचे फोटो, सगळं गोळा करावं लागलं. तुमच्या घरातलं कुणी कामावर जखमी झालं तर तो पहिला कागद स्वतः वाचा. दावा लावायला दोन वर्षं मिळतात, पण तो कागद पहिल्याच तासात तयार होतो.

मागच्या तारखेला समोरच्या वकिलांनी दाजींना कोर्टात चालून दाखवायला लावलं. दाजी नकली पायानं दारापर्यंत गेले आणि परत आले. फारसे लंगडले नाहीत, सकाळपासून सराव केला होता.

"म्हणजे चालता येतं तुम्हाला."

"येतं की," दाजी म्हणाले. "लादी कुठाय?"