कानाने पीएचडी

चाळिशीनंतर पीएचडीला बसलं की आधी डोळे संपावर जातात. म्हणून भाच्याने फोनमध्ये लेख मोठ्याने वाचून दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं. "मामी, भाजी निवडता निवडता संशोधन!" माझा विषय पुण्यातला १८९७ चा प्लेग. भाजी गवारीची.

पहिली फाइल लावली आणि अ‍ॅपमधल्या बाई बोलायला लागल्या, "डी, स्लॅश, के, कॉमा..." फाइल जुन्या फॉन्टमधली निघाली. पडद्यावर झकास मराठी, पोटात नुसती रोमन अक्षरं. आपण वरचं रूप बघतो, बाई पोटातलं वाचतात.

दुसरी युनिकोडमधली होती, पण तिला आपोआप हिंदी आवाज लागला. 'विज्ञान'चं 'विग्यान' झालं, 'ऋण'चं 'रिण', आणि १८९७ चं 'अठारह सौ सत्तानवे'. आवाज बदलायची जागा सेटिंगच्या पार तळाशी आणि माझे दोन्ही हात कणकेत. सबंध फेब्रुवारीतली साथ हिंदीत ऐकली.

मराठी आवाज सापडला तेव्हा जरा हुरूप आला. २२ जूनची रात्र. गणेशखिंडीचा रस्ता. व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेग अधिकारी रँडची बग्गी निघालेली. आता इशाऱ्याची हाक येणार! मी गवार बाजूला ठेवली. "गोंद्या आला रे," बाई म्हणाल्या. फलाट क्रमांक दोनवर कुणी येत असावं तशा. दामोदर चापेकर मागून बग्गीवर चढले, पिस्तूल रोखलं आणि... "पान सत्तेचाळीस. वार्षिक वर्गणी तीनशे रुपये फक्त."

गोळी वर्गणीनंतर सुटली. वाचताना पानाच्या डोक्यावरची ओळ आपण कधी ओलांडतो ते आपल्यालाही कळत नाही. बाई काही ओलांडत नाहीत. फार सरळमार्गी.

तळटीपा तर त्या आरतीसारख्या म्हणतात. "तत्रैव, पृष्ठ बारा. तत्रैव, पृष्ठ चौदा. तत्रैव, पृष्ठ चौदा." तत्रैव म्हणजे 'वर सांगितलेल्याच पुस्तकात'. त्यातच कुकरच्या शिट्ट्या. मी काही टिपून घेतलं नाही, पण बाहेर लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंचा अभ्यास चालू होता, हे मला ठाऊक नव्हतं.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "रँड काही जागच्या जागी गेला नाही ना गं?"

"नाही आई. ३ जुलैला गेला." हे मला फोनमध्ये बघून सांगावं लागलं.

"तेच म्हटलं. आणि ते म्हात्रे कोण?"

"कोण म्हात्रे?"

"अगं, दर दोन मिनिटांनी त्यांचंच नाव! म्हात्रे, पृष्ठ बारा. म्हात्रे, पृष्ठ चौदा. एवढं एकाच माणसानं लिहिलंय, तर तू नवीन काय लिहिणार?"

माझ्या गाइडनी गेल्या महिन्यात हाच प्रश्न विचारला होता. फक्त म्हात्र्यांचं नाव घेतलं नव्हतं.

"अलिबागकडचे असतील," आमटी वाढून घेत सासूबाई म्हणाल्या. "एकदा जाऊन भेटून ये."