जिल्हा लोकल बोर्डाचा इतिहास पाडण्याची कृती

परवा एक गौरवग्रंथ हातात आला. आर्ट पेपर, सोनेरी कडा, उशाला घेतला तर मान अवघडेल असा. कुणी काढला ते सांगत नाही. ज्यांनी काढला त्यांनी तो वाचलेला दिसत नाही, त्यामुळे त्यांनाही ओळखू येणार नाही. पहिल्याच प्रकरणात वाक्य: ‘लॉर्ड रिपन यांनी १८८४ साली स्थापन केलेली आपली जिल्हा परिषद…’ असे ग्रंथ यापुढेही निघत राहणार. शतकमहोत्सव, अमृतमहोत्सव, कुणाची तरी एकसष्टी. निमित्तांना तोटा नाही आणि निधीलाही. तेव्हा ज्यांच्या गळ्यात संपादकपद पडणार आहे, त्यांच्या सोयीसाठी या सूचना.

सर्वप्रथम, कायदे वाचायच्या भानगडीत पडू नका. ते फार आहेत. १८६९ चा मुंबई इलाख्याचा लोकल फंडाचा, म्हणजे रस्ते-विहिरी-शाळांसाठी साऱ्यावर बसवलेल्या उपकराचा कायदा, त्यातून आलेल्या कमिट्या. मग १८८२ चा व्हाइसरॉय रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव, आणि त्यानंतर १८८४ च्या कायद्याने हा फंड चालवायला आलेली जिल्हा लोकल बोर्डं आणि तालुका लोकल बोर्डं. मग १९२३ चा कायदा. मग १९३८ ची दुरुस्ती, जिने तालुका बोर्डं उडवली. शाळांचं आणखी वेगळं: १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने त्यांचा ताबा बोर्डांकडे आला आणि १९४७ च्या कायद्याने तो जिल्हा स्कूल बोर्डाकडे गेला. जिल्हा परिषद जन्माला आली ती १ मे १९६२ ला, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर बेतलेल्या कायद्याने. रिपनला जाऊन तोवर अर्धं शतक उलटलं होतं. दरवेळी कायदा बदलला की अध्यक्ष कोण, मतदार कोण, पैसा कुठला, सगळं बदलायचं. यातलं काही लिहायला गेलात तर ग्रंथात इतिहास घुसेल. त्यापेक्षा लोकल फंड, लोकल बोर्ड, स्कूल बोर्ड, जिल्हा परिषद हे सगळं एकच समजा आणि ‘उज्ज्वल परंपरा’ म्हणा.

अध्यक्षांच्या फोटोंची रांग मात्र १८८४ पासूनच लावा. सुरुवातीची कित्येक वर्षं कलेक्टरच पदसिद्ध अध्यक्ष होता, तेव्हा त्या जागी कमळाचं चित्र चालेल.

नकाशा आजचाच छापा. गावं तीच, डोंगर तेच, मग जिल्हा बदलेल कसा? साताऱ्याचंच घ्या. १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये सातारा जिल्ह्याचे अकरा तालुके आहेत आणि त्यांत वाळवा, तासगाव, खानापूर आहेत. सांगली आणि मिरज नाहीत, कारण ती संस्थानं. फलटण नाही, तेही संस्थान. १९४८ साली संस्थानं विलीन झाली, १ ऑगस्ट १९४९ ला जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन तुकडे झाले, आणि २१ नोव्हेंबर १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. अकरा वर्षं नांदलेला एक अख्खा जिल्हा आता फक्त जुन्या सातबाऱ्यांवर आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर उरलाय. म्हणून १९३० सालचे सातारा बोर्डाचे आकडे घ्या, त्यांच्याशेजारी आजच्या सातारा जिल्ह्याचे ठेवा आणि ‘प्रगती’ काढा. वाळवा, तासगाव वजा झाले, फलटण मिळालं, हे कुणाच्या लक्षात येतंय?

‘लोकल बोर्डाच्या काळातली शाळा’ हा शब्दप्रयोगही सढळ हाताने वापरा. कुंडलला वापरा, आटपाडीला वापरा. ही दोन्ही गावं औंध संस्थानातली होती, तिथं बोर्डाचा हुकूम चालत नव्हता. उलट औंधाने १९३९ साली ग्रामपंचायतींवर उभारलेली स्वतःची राज्यघटना आणली होती. इतका चांगला विषय हाताशी असताना त्याला बगल देणं ही खरं तर कलाच आहे.

मजकूर कमी पडला तर दुसऱ्या जिल्ह्याच्या ग्रंथातून उचला. तो विदर्भातला की मराठवाड्यातला, पाहू नका. विदर्भात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा आल्या, त्याही जिल्ह्याला एक नव्हे तर तहशिलीला एक. मराठवाडा हैदराबाद संस्थानात, तिथली जिल्हा बोर्डं वेगळ्या कायद्याची आणि दप्तरातलं साल फसली, म्हणजे तिथलं महसुली साल. १३५० फसली दिसलं तर त्यात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढची तारीख असेल तर ५९१. हे जमत नसेल तर ‘शिवपूर्वकालीन दस्तऐवज’ असं लिहून मोकळे व्हा. परवाच्या ग्रंथात जवळपास तसंच झालंय.

आता हिशेब. हा भाग संगणकावर बसणाऱ्या पोरावर सोपवा आणि त्याला रुपये-आणे-पै अजिबात समजावून सांगू नका. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, त्याआधीचं प्रत्येक बजेट या जुन्या मापात आहे. जुन्या वहीत ५-१२-६ असेल तर ते पोरगं ५.१२६ टाइप करील. करू द्या. खालच्या ओळीत ३-८-६ आहे, ते ३.८६ होईल. बेरीज वहीत ९-५-० आहे, संगणकात ८.९८६ येईल. मग एक तळटीप द्या: ‘मूळ दप्तरातील बेरजेत तफावत आढळते.’ म्हणजे शंभर वर्षांपूर्वी बोर्डाच्या कारकुनाने समईच्या उजेडात बरोबर केलेली बेरीज आज तुम्ही चुकीची ठरवलीत. तो बिचारा आता खुलासा द्यायला येत नाही.

लोकल फंडाचा उपकर कसा बसायचा तेही गाळा. जमीनमहसुलावर रुपयाला एक आणा. गावाचा सारा बाराशे रुपये असेल तर उपकर बाराशे आणे, म्हणजे पंचाहत्तर रुपये. त्यातले दोन हिस्से रस्ते, विहिरी, धर्मशाळांना आणि एक हिस्सा शिक्षणाला: पन्नास आणि पंचवीस. ही एवढी एक ओळ छापली तर वाचकाला लगेच दिसेल की शाळा सरकारच्या कृपेने नाही, शेतकऱ्याच्या आण्यांतून उभी राहिली. गौरव मग कुणाचा करायचा, हा प्रश्न येतो. नकोच.

कोंडवाडे, नदीवरच्या होड्या, टोलनाके वगैरे उत्पन्नाच्या बाबी क्षुल्लक आहेत. सोडून द्या.

विहिरींबद्दल फार जपून लिहा. ‘बोर्डाने गावोगावी सार्वजनिक विहिरी बांधल्या.’ पूर्णविराम. सार्वजनिक म्हणजे कुणासाठी, हे विचारलं की पंचाईत. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला: सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तो मंजूर झाला. सरकारने बोर्डांना आणि नगरपालिकांना तो पाळायला सांगितलं. १९२६ मध्ये दुसरा ठराव आणावा लागला, की ज्या संस्था हे पाळत नाहीत त्यांचं अनुदान थांबवा. पहिला ठराव करावा लागला म्हणजे त्याआधी काय चालू होतं, आणि तीन वर्षांत दुसरा करावा लागला म्हणजे पहिल्याचं काय झालं, एवढा हिशेब चौथीतल्या पोराला जमतो. उपकर सगळ्यांकडून, पाणी काहींनाच. तुमच्या ग्रंथात या विषयावर एक ओळ नाही. विहिरीच्या जीर्णोद्धाराचे रंगीत फोटो मात्र चार आहेत.

आणि शेवटी दप्तर. ते कसं संपवावं याची पद्धत तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी नवीन माणसांसाठी लिहून ठेवतो. ऑफिस नव्या इमारतीत हलवायची वेळ निवडावी. बोर्डाचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आधी जिन्याखाली, मग गच्चीवरच्या खोलीत, मग पत्र्याच्या शेडमध्ये न्यावेत. प्लास्टिकच्या पोत्यांत घट्ट बांधावेत; म्हणजे ओल आत राहते, पानं एकमेकांना चिकटतात आणि वाळवीलाही आडोसा मिळतो. मग वरून निंदणीकरणाची, म्हणजे जुने कागद वर्ग लावून काढून टाकण्याची, मोहीम येते. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं, क वर्ग १० वर्षं, क-१ पाच, ड एक वर्ष, हे तक्त्यात भिंतीवर लावलेलं असतंच. ठरावांची प्रोसिडिंग बुकं अ वर्गात जायला हवीत. पण ती आहेत मोडीत, किंवा जुन्या वळणाच्या बारीक बाळबोधीत. ज्याच्या हातात गठ्ठा येतो त्याला ती वाचता येत नाहीत, आणि वाचता येत नाही ते ड. अर्ध्या मिनिटात ऐंशी वर्षं निकालात. रद्दीवाला किलोवर घेतो. जी थोडी वाचतात ती स्कॅनला जातात. तिथं पान ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून समास कापतात, आणि ठरावाला कुणी विरोध केला, कलेक्टरने काय शेरा मारला, मंजुरी किती महिन्यांनी आली, हे सगळं त्या समासातच लिहिलेलं असतं! उरलेल्यांचं लॅमिनेशन होतं. लॅमिनेशन केलेला जुना कागद पुन्हा मोकळा करता येत नाही हे शंभरदा सांगून झालंय. अभिलेखांसाठी तापमान-नियंत्रण नको, वातानुकूलन नको, लोखंडी मांडणी आणि कोरडी भिंत एवढंच मागत होतो. तेवढ्यासाठी निधी नाही. सोनेरी कडांसाठी होता.

पुरे झाली थट्टा.

२००५ चा महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. दप्तर कुणी कसं सांभाळायचं आणि मनाला येईल तसं नष्ट करता येत नाही, हे त्यात लिहिलंय. तुम्ही ज्या खुर्चीत बसून प्रस्तावना लिहिलीत, ती जबाबदारी त्याच खुर्चीची आहे. ‘आमच्याकडे जुनं काही उपलब्ध नाही’ असं प्रस्तावनेत छापताना लाज कशी वाटली नाही? उपलब्ध नाही म्हणजे तुमच्या ताब्यात होतं आणि तुम्ही घालवलंत. आणि तुमच्याकडे नसेल तर दुसरीकडे शोधायचं असतं. मुंबई सरकार लोकल बोर्डांच्या कारभाराचे वार्षिक अहवाल छापत होतं. पुराभिलेख खात्याची दालनं मुंबईत आहेत, पुण्यात आहेत. अर्ज करायचा, साल आणि खातं नेमकं सांगायचं, बसून पेन्सिलीने उतरवून घ्यायचं. मोडी वाचणारा माणूस रोजावर मिळतो. ग्रंथाच्या प्रकाशनाला जो मांडव घातलात, त्याच्या भाड्यात असा माणूस महिनाभर बसला असता. ते केलं नाहीत, कारण ग्रंथ वाचायला नव्हता, हातात धरून फोटो काढायला होता.

आता निदान एवढं करा. शेडमधली उरलेली पोती उघडा. कापडी रुमालात बांधा, जमिनीपासून फूटभर वर ठेवा, प्रत्येक रुमालावर साल आणि खातं लिहा, यादीची एक प्रत पुराभिलेख खात्याला द्या. आणि पान १४२ वरची ती तळटीप काढा. बेरीज ९-५-० च आहे.