तुर्कस्तानातून बोटीने ग्रीसला, तेही व्हिसाशिवाय? नाही जाता येत!

गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. "दादा, आम्ही ग्रीसच्या व्हिसाची अपॉइंटमेंट रद्द केली. गरजच नाही म्हणे." कोण म्हणे? तर तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला ‘ग्रीसची शांत बेटं : एजंट सांगत नाहीत ती सहा गुपितं’ हा मेसेज. संध्याकाळपर्यंत तोच मला आणखी तिघांनी पाठवला. सँटोरिनी नको, मिकोनोस नको, एखाद्या लहानशा बेटावर आठ दिवस निवांत राहायचं, म्हणून ती दोघं दोन वर्षं पैसे साठवताहेत. त्यांचा पैसा आणि रजा दोन्ही पाण्यात जाणार होतं, म्हणून हे लिहितोय.

पहिलं ‘गुपित’ सगळ्यात घातक. मेसेज म्हणतो, आधी तुर्कस्तानला जा, तिथून बोटीने ग्रीक बेटावर उतरा, बंदरावरच सात दिवसांचा व्हिसा मिळतो. अशी योजना आहे, पण ती तुर्की नागरिकांसाठी आहे! ग्रीसने 2024 मध्ये ती सुरू केली. तुर्की पासपोर्ट असलेले लोक आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय एवढ्यांनाच ती लागू आहे, आणि तीही किनाऱ्याजवळच्या ठरावीक बेटांपुरती. मेसेज लिहिणाऱ्याने बातमीतले ‘तुर्की नागरिक’ हे दोनच शब्द गाळले आणि उरलेलं आपल्या लोकांत वाटून टाकलं. आपला भारतीय पासपोर्ट घेऊन तुर्कस्तानातल्या बोद्रुम बंदराच्या धक्क्यावर गेलात, तर बहुधा बोटीवर चढूच देणार नाहीत. चुकून चढलात, तर पलीकडून परत पाठवतील आणि प्रवेश नाकारल्याची नोंद होईल ती वेगळीच. त्यातून तुर्की व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल, तर माघारी फिरायची वाटही बंद.

आणि समजा, ती योजना आपल्याला लागू असती, तरी तिच्या यादीत बेटं कोणती? रोड्स, कोस वगैरे! ग्रीसमधल्या सगळ्यात गजबजलेल्या बेटांपैकी ही दोन. बहिणीला जायचंय अमोर्गोसला. ते त्या यादीत नाहीच.

सरळ रस्ता असा : ग्रीसचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) काढायचा. प्रौढांना फी 90 युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. त्या एका व्हिसावर सगळी बेटं फिरता येतात.

दुसरं गुपित : "बोटी एसटीसारख्या सुटतात, विमानाच्या दिवशी सकाळी बेटावरून निघालं तरी चालतं." हे लिहिणारा लहान बेटावर कधी गेलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मी एका सप्टेंबरात अमोर्गोसच्या काटापोला बंदरात सकाळी बॅग घेऊन उभा होतो. तिकिटांच्या दुकानातल्या बाईंनी काचेवर कागद चिकटवला. त्यावर मार्करने एकच शब्द होता, ‘अपागोरेफ्तिको’. म्हणजे बंदी. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर वारा साधारण आठला पोचला की तटरक्षक दल मोठ्या बोटीही थांबवतं; लहान आणि वेगवान बोटी तर त्याच्या आधीच थांबतात. शेजारी एक जोडपं बॅगांवर बसून विमान कंपनीला फोनवर फोन लावत होतं. माझ्या हाताशी दिवस होते, म्हणून मी खोलीवर परत गेलो. घरमालकीण आजींनी अजून चादरीसुद्धा काढल्या नव्हत्या. त्यांनी अंजिरांची बशी पुढे ठेवली, बंदरातल्या डुलणाऱ्या डोलकाठ्या दाखवल्या आणि दोन बोटं वर केली : दोन दिवस. बोट तिसऱ्या दिवशी सकाळी आली.

या बेटांवर शांतता टिकलीय तीही याच बोटींमुळे. अमोर्गोसला विमानतळ नाही. इराक्लिया, स्खिनूसा, दोनूसा, अनाफी, यांनाही नाही. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून अमोर्गोसला साध्या बोटीने सातआठ तास सहज जातात. दोन दिवसांत चार बेटं ‘करणारे’ तिकडे फिरकतच नाहीत. तेव्हा आठ दिवसांत एक किंवा फार तर दोन बेटं घ्या, आणि परतीच्या विमानाआधीच्या दोन रात्री अथेन्समध्ये ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटतो, तेव्हा तर ठेवाच.

तिसरं गुपित : "डिसेंबरात जा, सगळं निम्म्या भावात." डिसेंबरात लहान बेटांवरच्या बहुतेक खोल्या आणि खानावळी बंद असतात, बोटीही कमी. मे, जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर घ्या.

चौथं : "भारतीय लायसन्सवर स्कूटर मिळते." एखादा दुकानदार देईलही. पण आंतरराष्ट्रीय परवाना नसताना अपघात झाला, तर विमा हात वर करणार आणि दवाखान्याचं बिल तुमच्या गळ्यात. आपल्या आरटीओत हजार रुपयांत वर्षभराचा परवाना मिळतो. तो काढूनच निघा.

पाचवं : "शाकाहारी माणूस उपाशी मरतो, आठ दिवसांचे ठेपले न्या." अजिबात नाही. फावा मागवा : पिवळ्या डाळीचं घट्ट, पिठल्यासारखं वाटण, वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल. सँटोरिनीची फावा ज्या दाण्याची करतात, तो विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातला. शिवाय ‘लादेरा’ म्हणजे तेलात मुरवून शिजवलेल्या भाज्या असतात, भेंडी, फरसबी, वांगी. एक काळजी घ्या : ‘निस्तिसिमो’ म्हणजे तिथलं उपवासाचं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात, पण शिंपले आणि कोळंबी चालतात. विचारून घ्या.

राहिलं शेवटचं, "आता शांत बेट उरलेलंच नाही." ऑगस्टपुरतं हे बरंचसं खरं आहे, मला मान्य करावंच लागेल. 15 ऑगस्टला मेरीचा मोठा सण असतो, त्याच्या आगेमागे खुद्द ग्रीक लोकच बेटांवर जातात, आणि कूफोनिसियासारख्या चिमुकल्या बेटावर खोली मिळणं मुश्कील होतं. पण ग्रीसमध्ये दोनशेहून जास्त बेटांवर वस्ती आहे. एका महिन्याच्या गर्दीवरून त्या सगळ्यांवर काट मारू नका.

बहिणीने व्हिसाची नवी तारीख घेतलीय. हा मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर आजच एवढं लिहा : पहिला मुद्दा चुकीचा आहे, भारतीय पासपोर्टवर ग्रीसच्या बंदरात व्हिसा मिळत नाही.